आप्पांची जीप
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की रुपया दंड असायचा, आणि वर्षाच्या शेवटी दंड भरणाऱ्यांत माझा नंबर पहिल्या तिनात. तरीसुद्धा लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब ती आहेच. चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा. त्यांनीच मेसच्या रांगेत गाठून ‘दोन पानं कमी पडतायत, काहीतरी लिही’ म्हणून गळ घातली.

काय लिहायचं हा प्रश्न एका शनिवारी रात्री सुटला. आमच्या खोलीत लॅपटॉपभोवती सहाजणी बसून (दोघी कॉटवर, बाकीच्या सबमिशनच्या शीट्सवर) परदेशी लोकांचे व्हिडिओ बघत होतो. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची, आत बेड, शेगडी, छोटा फ्रीज बसवायचा, पोरंबाळं घालायची आणि निघायचं. एक जुनी लँडरोव्हर ‘डॉर्मोबाईल’ होती. तिचं छत एका बाजूनं वर उचलतं, खालून कापडाची घडी उलगडते आणि वरच्या वर झोपायची सोय होते. एक जर्मन गृहस्थ होते, गुंथर होल्टॉर्फ. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मर्सिडीजच्या एका जीपवजा गाडीत मागे गादी टाकून जगप्रवास केला. बायको २०१० मध्ये वारली तरी ते फिरतच राहिले. २०१४ ला थांबले तेव्हा जवळजवळ नऊ लाख किलोमीटर झाले होते. गाडीचं नाव ‘ओटो’. ती आता कंपनीच्या म्युझियममध्ये उभी आहे.

‘यार, आपल्याकडे असलं कुणी करत नाही,’ रूममेट म्हणाली.

‘आमच्या घरी आहे की,’ मी म्हणाले.

व्हिडिओ थांबवण्यात आला.

‘खरंच? कुठपर्यंत गेलाय तिच्यातून?’

‘चौदा किलोमीटर.’

कॉटवरची एकजण शीट्सवर पडली. माझ्या शीट्सवर. तर मित्रमैत्रिणींनो, त्या चौदा किलोमीटरची ही हकीकत.

मी आजऱ्याची. हॉस्टेलवर आजरा म्हटलं की पहिला प्रश्न, ‘ते कुठं आलं?’ कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लजच्या पुढे, आंबोलीच्या अलीकडे, संकेश्वर-बांदा रस्त्यावर. गोव्याला जाताना तुम्ही आमच्या गावातून गेला असाल, झोपेत. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पहिल्या वर्षी खोलीतल्या पुण्याच्या मुलीनं त्यावर आठवडाभर करमणूक करून घेतली होती. आता ती स्वतः ‘मी आंघोळीला जातो’ म्हणते.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. सगळी नोकरी खात्याच्या जीपवर. सर्व्हेला साहेब लोक निघाले की आठ-आठ दिवस धरणाच्या, कालव्याच्या कामावर. साहेब रेस्टहाऊसवर आणि आप्पा जीपमध्ये. रिटायर झाल्यावर २००२ मध्ये त्यांनी सरकारी लिलावात तसलीच एक जीप घेतली. महिंद्रा एमएम ५४०, १९९१ चं मॉडेल. त्यात आज्जीची एक पाटली गेली. त्यामुळे जीप कुठंही दिसली की आज्जी म्हणते, ‘बघा, माझी पाटली चिखलात फिरायलीय.’

ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांच्यासाठी थोडं. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीनं अमेरिकन सैन्यासाठी जीप बनवली. युद्ध संपल्यावर ती शेतकऱ्यांसाठी म्हणून विकायला काढली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि मग इथेच बनवत, बदलत नेली. आमची गाडी त्या खानदानातली नातच म्हणायची. चौकोनी तोंड, कॅनव्हासचं हूड, प्यूजोच्या डिझाईनचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, आणि गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा. हा दांडा टाकला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. निदान मिळायला पाहिजे. त्यावर पुढे येतेच.

मला ह्या जीपची लाज वाटायची. शाळेच्या गेटवर बाकीच्यांच्या पांढऱ्या गाड्या, आणि आमच्या जीपमध्ये मागं शेणखताचा वास, कधी पेंडीचं पोतं, एकदा तर चक्क रेडकू. सातवीत असताना मी आप्पांना म्हटलं, ‘मला त्या वडाच्या झाडापाशीच सोडत जावा.’ आप्पांनी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जीप वडापाशी थांबायला लागली. दहावीपर्यंत थांबत होती, पावसातसुद्धा.

त्याच आप्पांनी मला पंधराव्या वर्षी आमच्या मोकळ्या शेतात क्लच सोडायला शिकवलं. मी मेकॅनिकलला आले ती कुणाच्या करिअर गायडन्समुळे नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. फिजिओथेरपी सुरू झाली, पाय थोडा उचलायला लागला, पण शब्द दोनच परत आले. ‘व्हय’ आणि ‘च्या’. ‘व्हय’चा अर्थ हो, नाही, कुठं, कोण, यातला कुठलाही. ‘च्या’चा अर्थ चहा.

गणपतीला घरी गेले तर आज्जी म्हणाली, ‘झोपत न्हाईत रात्रीचे. पडवीकडं तोंड करून बसत्यात.’ पहिल्यांदा आम्हाला वाटलं गोळ्यांमुळे असेल. मग आज्जीच्याच लक्षात आलं, आप्पा शेताकडं जायला बघतायत. आमचं शेत घरापासून चौदा किलोमीटर, गवसे ओलांडून आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथं आम्ही घनसाळ लावतो. आजरा घनसाळ म्हणजे तोच वासाचा तांदूळ, ज्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पीक उशिरा तयार होतं, त्यामुळे बाकीच्यांची कापणी उरकली तरी घनसाळ शेतात उभं असतं आणि जंगलातल्या सगळ्यांना त्याचा पत्ता माहीत असतो. गव्यांचे कळप येतात. डुकरं येतात. गेली काही वर्षं आजरा-चंदगड भागात हत्तीही फिरतात. म्हणून भात पोटरीला आल्यापासून मळणीपर्यंत रात्रीची राखण. आप्पा रिटायर झाल्यापासून दरवर्षी माळ्यावर झोपायचे. चार खांबांवर फळ्या, वर गवताचं छप्पर, खाली शेकोटी. आता शिडी चढणं सोडाच, खुर्चीत तासभर बसलं तरी त्यांची मान कलते.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. राखणीला चुलतभाऊ आहेत, आप्पांना तिथं नेऊन काय करायचं? आणि जीप विकून टाकू. बाबा मास्तर आहेत, मोटरसायकलशिवाय काही चालवत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं जीप म्हणजे कागदपत्रांचं एक ओझं. त्यांचं चूक नव्हतं. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग, वर हरित कर. २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या पासिंगची फी एकदम सहाशेवरून पाच हजार झाली. पुढचं पासिंग २०२६ च्या डिसेंबरात. तोपर्यंत गिऱ्हाईक बघायचं असं ठरत होतं.

मी तेव्हा नुकतेच ते व्हिडिओ बघायला लागले होते. जेवताना एकदम म्हणाले, ‘जीपलाच झोपायची करूया की. माळा चाकावर!’

कुणी काही बोललं नाही. आप्पा म्हणाले, ‘व्हय.’

आता माझं इंजिनिअरिंग सुरू झालं. हॉस्टेलवर परत आल्यावर मी तीन रात्री जागून कॅडवर डिझाईन काढलं. हूड काढून पत्र्याचं छत, ते डॉर्मोबाईलसारखं वर उचलणारं. आत वेल्डिंग केलेला पलंग. एका बाजूला स्वयंपाकाचं कपाट, ड्रॉवरला चॅनेल, पाण्याची टाकी, वर सोलर पॅनेल. रेंडर केलेलं चित्र इतकं सुंदर आलं की मी ते फोनचा वॉलपेपर करून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, ‘आणि पासिंग?’

मग आम्ही कायदा बघितला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं गाडी जशी बनवली त्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. रीतसर कॅराव्हॅन बनवायची तर त्यासाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण ते सगळं नव्या मोठ्या गाड्या घेऊन पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांसाठी. तेहतीस वर्षांच्या जीपमध्ये स्वतःच्या आजोबांना झोपवणाऱ्यांचा विचार त्यात कुणी केलेला नाही, आणि का करावा?

बाबा म्हणाले, ‘गाडीला एक भोक पाडायचं नाही. जे करशील ते अर्ध्या तासात निघालं पाहिजे.’

मी दिवसभर फुगून बसले. वॉलपेपर काढून टाकला. आता वाटतं, त्या कलम ५२ नं माझ्या डिझाईनवर उपकारच केले. छत, टाकी, पॅनेल, कपाट सगळं गळून पडल्यावर मूळ प्रश्न शिल्लक राहिला. एका माणसाला आडवं कसं करायचं?

आमच्या जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाकं आहेत. टेपनं मोजलं, लांबी साडेचार फूट. आप्पांची उंची पाच फूट आठ इंच. म्हणजे एक फूट दोन इंच कमी. मग मागचा फाळका खाली पाडायचा, दोन्ही बाकांवरून एक फ्रेम टाकायची, ती मागं बाहेर काढायची आणि बाहेरच्या टोकाला दोन पाय जमिनीवर टेकवायचे. वर प्लायवूड, त्यावर गादी. बाहेर आलेल्या भागावर हूडपासून ताडपत्री ओढायची. भोक शून्य.

ड्रॉइंग घेऊन वेल्डिंगवाल्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. मी ५० बाय ५० चा तीन एमएमचा चौकोनी पाईप लिहिला होता.

‘ताई, ह्यात हत्ती झोपवायचाय व्हय?’ मेस्त्री म्हणाले. ‘हत्ती तसाबी शेतात येतोय. त्यो बाहीरच झोपंल.’

मी म्हटलं, फॅक्टर ऑफ सेफ्टी. ते म्हणाले, तुमच्या आजोबांचं वजन किती? मी म्हटलं, बासष्ट. मेस्त्रींनी कोपऱ्यातला एक पाईपचा तुकडा उचलला, दोन विटांवर ठेवला आणि स्वतः त्याच्यावर उभे राहिले. मेस्त्री आरामात नव्वदचे असतील. पाईप २५ बाय २५, दोन एमएम.

हॉस्टेलवाल्या मेकॅनिकलच्या लोकांनो, हिशोब करा. ५० चा तीन एमएमचा पाईप मीटरला साधारण ४.४ किलो. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बावीस मीटर, म्हणजे सत्त्याण्णव किलो. आप्पांपेक्षा पलंग जड! २५ चा दोन एमएमचा पाईप मीटरला १.४४ किलो, आणि मेस्त्रींनी मधल्या निम्म्या पट्ट्या खोडून तो चौदा मीटरमध्ये बसवला. वीस किलो. मी माझ्या कॉलममध्ये मटेरियल, ग्रेड, टॉलरन्स सगळं लिहिलं होतं. वजनाची बेरीज तेवढी केली नव्हती. मेस्त्रींनी मजुरीचे अडीच हजार लावले, आणि मला शिकवल्याचे वेगळे घेतले नाहीत एवढीच सूट.

दोन दिवसांत फ्रेम तयार. अंगणात जीप उभी करून मी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं. फाळका पाडला, फ्रेम सरकवली, पाय लावले, प्लाय टाकला, गादी टाकली. घड्याळ लावून सोळा मिनिटं. काका-काकूंनी टाळ्या वाजवल्या. आज्जी पदर खोचून जवळ आली. गादी तिच्या छातीपर्यंत येत होती.

‘चढवायचं कसं त्यास्नी?’

मी गप्प. तीन रात्रींचं डिझाईन, सुप्रीम कोर्ट, फॅक्टर ऑफ सेफ्टी, आणि साडेतीन फूट उंचीवर अर्धांग झालेला माणूस कसा जाणार हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

‘आणि रात्री लघवीला?’

हेही नव्हतं.

आज्जीनं फार वेळ घेतला नाही. ‘पोती कशी भरतासा? ओट्याला गाडी लावूनच न्हवं?’ आमची शेतं पायऱ्यापायऱ्यांची आहेत. वरच्या शेताचा बांध खालच्या शेतापासून तीन-साडेतीन फूट उंच. खालच्या वाटेवर जीप उभी करायची आणि मागची बाजू बांधाला लावायची. मग बांध आणि गादी एका पातळीत. आप्पांना हाताच्या खुर्चीतून वरच्या बाजूनं आणायचं आणि नुसतं सरकवायचं. फक्त फ्रेमचे मागचे पाय बांधावर टेकणार म्हणून ते चांगलेच आखूड करायला लागले. मेस्त्री ते कापताना म्हणाले, ‘ह्ये आज्जीलाच इंजिनिअर करायला पायजे हुतं.’ लघवीसाठी मेडिकलमधून भांड्याची खुर्ची आणली, आणि तिच्याभोवती आज्जीच्या जुन्या लुगड्याचा पडदा. स्वयंपाकाचं कपाट मी हट्टानं बनवून घेतलं होतं, लहान, उचलून ठेवायचं. त्यात सध्या आमची कोंबडी अंड्यांवर बसते.

नोव्हेंबरच्या मध्याला एका शनिवारी दुपारी आम्ही निघालो. हत्ती त्या आठवड्यात दुसऱ्या अंगाला आहे हे चुलतभावांनी गावात खात्री करून घेतलं होतं. मी गाडी चालवत होते. शेजारी आप्पा, चारी बाजूंनी उशा, पट्ट्यानं बांधलेले. मागं आज्जी, आई, भांडी, ज्वारीचं पीठ, फ्रेम. बाबा पुढं मोटरसायकलवर. मधे एकदा थांबून आप्पांची मान सरळ केली. डांबरी रस्ता संपला, गाडीवाट सुरू झाली. शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये एक ओढा आहे. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि ओढ्याच्या पलीकडच्या चढाला तांबडा चिखल.

मी थांबले, दुसरा दांडा टाकला, लो मध्ये घेतला, पहिला गिअर. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पाणी ओलांडलं, चढाला लागले आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जीप हळूहळू मागं बसली. परत प्रयत्न केला. आणखी बसली. बाबा मोटरसायकल लावून मागून ढकलायला आले आणि डोक्यापासून पायापर्यंत तांबडे झाले.

सेमिस्टरच्या पेपरला फोर-व्हील-ड्राइव्हवर मी आकृतीसकट उत्तर लिहिलेलं. दहापैकी नऊ.

आप्पांनी डावा हात उचलला. मूठ केली आणि फिरवली. मी म्हटलं, चावी? गाडी बंद करू? बंद केली. त्यांनी मान हलवली. ‘व्हय, व्हय!’ परत मूठ फिरवली. आज्जी मागून म्हणाली, ‘पाणी पायजे असंल. नळ दाखवत्यात.’ आईनं बाटली पुढं केली. आप्पांनी बाटली ढकलली, ती माझ्या मांडीवर सांडली. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, ‘आप्पा, शांत व्हा, त्रास होईल.’ आप्पांचे डोळे पाण्यानं भरले. रागानं. एवढा राग मी त्यांना आलेला कधीच बघितला नव्हता. त्यांनी डावा हात दाराबाहेर काढला, खाली वाकायचा प्रयत्न केला आणि पुढच्या चाकाकडे बोट करून परत मूठ फिरवली.

हब!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या जीपच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब बसवलेत. रस्त्यावर ते मोकळे ठेवायचे, म्हणजे पुढचा अॅक्सल उगाच फिरत नाही. चिखलात शिरण्याआधी खाली उतरून दोन्ही चाकांच्या मधली चकती हातानं फिरवून लॉक करायची. ती लॉक नसेल तर दांडा टाकून काही उपयोग नाही. आतला सगळा पसारा फिरतो, चाक फिरत नाही. आप्पांनी मला हे शिकवलं होतं. पण शिकवलं शेतात, आणि परीक्षा झाली पुस्तकातली.

मी चिखलात उतरले. डावा हब फिरवला, उजवा फिरवला. उजवा गंजला होता, पान्याच्या मागच्या बाजूनं ठोकून फिरला. परत वर चढले. क्लच सोडताना आप्पांनी डावा हात माझ्या हातावर, दांड्याच्या मुठीवर ठेवला. जीप एकदा अडखळली आणि चढून गेली. ओढ्यात पाय रोवून उभे असलेले बाबा तोंडावर आपटले, पण त्यांचं तेव्हा कुणी बघितलं नाही.

‘व्हय,’ आप्पा म्हणाले.

शेतावर सगळं आज्जीच्या प्लॅनप्रमाणे झालं. बांधाला जीप लावली. चुलतभावांनी आप्पांना खुर्चीतून आणलं आणि गादीवर सरकवलं, डोकं बाहेरच्या बाजूला, उशीला उंची देऊन, म्हणजे शेत दिसेल. आज्जीनं तीन दगडांची चूल मांडली. भाकरी, झुणका, सुकट. मी आणलेला कॅम्पिंगचा स्टोव्ह तिनं हातात घेऊन बघितला आणि परत पिशवीत ठेवला.

अंधार पडल्यावर वारा डोंगरावरून खाली आला. घनसाळचा वास शिजल्यावरच येतो असं मला वाटायचं. उभ्या पिकालाही येतो, पण पातळ, मधेच येऊन जाणारा. आप्पा नाकानं जोरात श्वास घेत होते.

आज्जीला म्हटलं, तूपण वर झोप, दोघांची जागा आहे. ‘गाडीत झोपाय मी काय सायबीन हाय?’ ती खाली शेकोटीजवळ पोत्यावर आडवी झाली. लग्नाला चोपन्न वर्षं झाली, आप्पा इतकी वर्षं माळ्यावर, जीपमध्ये, कामावर झोपले, आणि आज्जी राखणीला एकदाही आली नव्हती. घरी म्हशी कोण बघणार? त्या रात्री म्हशी काकूकडे होत्या. बाबा बांधावर आप्पांच्या उशाशी बसले होते. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. आप्पांना बोलता येत नव्हतं आणि बाबांना ते कधीच जमलं नाही. मग बाबांनी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि तिथंच बसल्या बसल्या पेंगले.

दोन वाजले असतील. मी पुढच्या सीटवर वाकडी होऊन झोपले होते. एकदम पत्र्याचा आवाज. धाड, धाड, धाड! मला वाटलं गाडी कोसळली. आप्पा डाव्या हातानं जीपच्या पत्र्यावर बडवत होते. चुलतभाऊ उठले, बॅटऱ्या लागल्या. खालच्या शेताच्या कडेला गवे. सहा की सात, नीट मोजता आले नाहीत, नुसते डोळे चमकले आणि फुस्स असा आवाज. राखणीला आलेले आम्ही सातजण झोपलो होतो आणि जागा होता तो एकटा पेशंट. पोरांनी डबे वाजवले, टेंभा पेटवला, गवे वळले आणि रानात गेले. कोपऱ्यातली दोन-तीन सरी तुडवली गेली, बाकी पीक वाचलं.

सगळं शांत झाल्यावर आप्पांनी बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘च्या.’

रात्री अडीचला चूल पेटली.

मळणी होईपर्यंत आप्पा चार शनिवार तिथं होते. मी पहिल्या दोनच वेळी, कारण माझी परीक्षा आली. त्यानंतर बाबा जीप चालवायला शिकले. मास्तर माणूस, त्यांनी वहीत क्रमानं लिहून घेतलंय, आणि पहिली ओळ आहे, ‘उतरून दोन्ही हब फिरवणे.’ आप्पा आता काठी घेऊन पडवीपर्यंत चालतात. तिसरा शब्द आलाय, पण तो मासिकात छापण्यासारखा नाही.

जीपला अधूनमधून गिऱ्हाईक येतं. एकानं तर बऱ्यापैकी किंमत सांगितली होती. बाबा म्हणतात, २०२६ चं पासिंग येऊ दे, मग बघू.

परवा रात्री त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, ‘अगं, मागच्या स्प्रिंगला एक पान वाढवून घेतलं मेस्त्रींकडून.’

मी म्हटलं, कशाला? वीस किलोच तर आहे फ्रेम.

‘आज्जी म्हणतीय, औंदा तीपण वर झोपणार.’